मोबाईलवर सगळ्यांनाच साडेचार स्टार, मग जेवायचं कुठं?

वाचक विचारतात, ताई सांगतात

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं बाहेर खाण्याबद्दलची आहेत, म्हणून घरगुती औषधं आणि बागकामाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. हा विषय माझ्या जवळचा आहे. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, आईनं बावीस वर्षं खानावळ चालवली, शाळेचा अभ्यास मी पातेल्यांच्या शेजारी बसून केलाय, त्यामुळं उत्तर लांबलं तर समजून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नागपूरचे. मिस्टरांची बँकेत बदली झाली म्हणून राजारामपुरीत भाड्यानं घर घेतलंय. दोघंही नोकरी करतो, आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाहेर जेवणं होतंच. मोबाईलवर बघावं तर सगळ्याच हॉटेलांना साडेचार स्टार. मोठ्या बोर्डाच्या एका ठिकाणी मटण थाळी घेतली तर पांढरा रस्सा म्हणजे मैद्याची पेज वाटली आणि तांबडा नुसता जाळ. आम्ही सावजी खाणारी माणसं आहोत, तिखटाला भीत नाही, पण चवच सापडून नाही राहिली. आपल्या भागातलं चांगलं हॉटेल ओळखायचं कसं? आणि नावंही सांगा.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, नावं सांगते पण शेवटी सांगते. नावाचं काय, आज आहे, उद्या आचारी सोडून गेला की चव त्याच्याबरोबर गेली. नजर मात्र एकदा बसली की बदली सांगलीला होऊ दे नाहीतर सोलापूरला, तुमचं जेवणाचं अडत नाही.

आधी एक सांगू, तुम्ही बरोबर वाटीवर बोट ठेवलंय. तांबड्यात लपवालपवी चालते, चटणी जास्त घातली आणि वर तेलाचा तवंग आणला की जीभ भाजते आणि खाली नुसतं पाणी आहे हे कळतच नाही. पांढऱ्याला लपायला जागा नाही. म्हणून नवीन ठिकाणी गेलं की मी आधी पांढरा पिते, भाकरी मोडायच्या आधी, नुसता, वाटीला तोंड लावून.

तो होतो कसा ते सांगते म्हणजे तुम्हाला कळेल काय शोधायचं. आई मोठ्या पातेल्यात तेलावर थोडा कांदा टाकायची, आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ, मग मटण घालून चांगलं परतायची आणि वर ताट झाकून ताटात पाणी ओतायची. ताटातलं पाणी कढत झालं की तेच पातेल्यात सोडायचं आणि ताटात परत नवीन पाणी. गार पाणी थेट आत कधीच नाही, मटण चिवट होतं म्हणायची. असं तास-दीड तास शिजलं की पातेल्यात जो रस उतरतो ती आळणी. घरात लहान पोरांना आणि आजारी माणसाला आळणी-भातच देतात. या एका आळणीचे दोन भाग होतात. एका भागात तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध पडतं, तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, तो पांढरा. दुसऱ्या भागात भाजलेला कांदा-खोबरं आणि कांदा-लसूण चटणी, तो तांबडा. म्हणजे दोन्ही रश्श्यांची आई एकच, आणि आळणीच पातळ असेल तर पुढं काही केलं तरी उपयोग नाही. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आली की फुटतं, म्हणून त्या वेळी कुणीतरी पातेल्याजवळ उभं राहून हलवत बसावं लागतं, आमच्याकडं ते काम माझं. ज्या हॉटेलात तसं उभं राहायला माणूस नाही तिथं कॉर्नफ्लॉवर येतं, नाहीतर तुम्ही म्हणता तसा मैदा.

ओळखायचं असं. खरा पांढरा वाटीत जरा वेळ ठेवला की वर बारीक तुपाचे डोळे दिसतात आणि थोडा तळाला बसतो, चमच्यानं हलवला की परत एक होतो. पिठाचा असेल तर गार झाला की वर साय धरल्यासारखी कातडी येते आणि चमच्याला लगदा लागतो. आणि दोन घोट घेऊन ओठ मिटून बघा, हाडाचा रस उतरलेला असेल तर ओठ एकमेकांना हलके चिकटतात. हे मैद्यानं किंवा कॉर्नफ्लॉवरनं करता येत नाही.

तिखटाचं म्हणाल तर तुमच्या सावजीत काळ्या मसाल्याचा जोर, इथं सगळा खेळ चटणीचा. रंगाला ब्याडगी, ठसक्याला संकेश्वरी जवारी, त्यात सुकं खोबरं, तीळ, धने, जिरे, कांदा, लसूण. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, देठं काढून, डंकावर नेऊन वर्षाची चटणी कुटून आणायची ही अजून कित्येक घरांतली रीत आहे, एप्रिल-मे मध्ये डंकाजवळून गेलात तर शिंका आवरत नाहीत. ही चटणी घातलेला रस्सा तिखट लागतो पण घशात आग करत नाही, खोबरं आणि तीळ ती आग धरून ठेवतात. नुसता जाळ लागला म्हणजे चटणी कमी आणि विकतची लाल पूड जास्त. कुठं चटणी विकत घ्यायची झाली आणि रंगाची शंका आली तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर भुरभुरा. लगेच लाल रेघा खाली उतरायला लागल्या तर रंग घातलाय, मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो, पाण्यात असा धावत नाही.

आता शोधायचं कुठं. मोबाईल बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही, पण स्टार बघू नका, लोकांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलवाल्यानं टाकलेले नव्हेत. चार वेगळ्या महिन्यांतल्या चार माणसांच्या ताटात रस्सा सारखाच दिसतोय का, भाकरी फुगून पापुद्रा सुटलेली आहे का, एवढं बघा. आणि मराठीत लिहिलेलं वाचा, तिथं माणसं मोकळं बोलतात.

त्याहून चांगली जागा म्हणजे मटणाचं दुकान. तुम्ही घरी मटण आणताच असाल, तर बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा आणि दुकानदाराला सरळ विचारा, काका इथनं रोज कुठली खानावळ मटण नेते. त्याला सगळं माहीत असतं, कोण रोज ताजं सहा किलो उचलतं, कोण दोन दिवसांतून एकदा येऊन पंधरा किलो नेऊन फ्रीजरमध्ये टाकतं, कोण पैसे थकवतं. आमच्या आईबद्दलही लोक तिथंच विचारायचे. भाकरीचं असंच, पिठाच्या गिरणीत विचारा ज्वारी कोण दळून नेतं.

दुसरी गोष्ट वेळ. चांगली खानावळ दुपारी साडेबाराला भरायला लागते आणि अडीच-तीनला मटण संपलं म्हणून सांगते. तुम्हाला परत पाठवलं तर नाराज होऊ नका, उलट ती जागा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी लवकर जा. रात्री अकरालासुद्धा सगळं मिळतं म्हणणाऱ्या ठिकाणी सकाळचं किती आणि कालचं किती हे देवालाच माहीत. तसंच मेनूकार्ड. कोल्हापुरी, पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, वर पिझ्झा, असं दहा पानी कार्ड असलं की स्वयंपाकघरात तीन ग्रेव्ह्या सकाळी करून ठेवलेल्या असतात आणि दिवसभर त्यांनाच वेगवेगळी नावं मिळतात. मटण ताट, चिकन ताट, अंडा ताट आणि एक शाकाहारी ताट, एवढंच भिंतीवर रंगवलेलं असेल तर खुशाल आत बसा.

आणि कान द्या. भाकरी थापल्याचा आवाज आतनं येत असेल, ऑर्डर दिल्यावर, तर अर्धं काम झालं. आईकडं दोन मावश्या यायच्या, त्यातली एक भाकरी थापताना कडेनं बोटं अशी फिरवायची की काठ पातळ आणि मध्यभाग किंचित जाड, तव्यावर पाणी फिरवून उलटली की टम्म. गिऱ्हाईक ताट घेऊन बसलेलं आणि भाकरी थेट तव्यावरनं ताटात. त्या वाफेचा वास मला अजून येतो.

राजारामपुरीत तुम्ही नशीबवान आहात. गल्ल्यांना नंबर आहेत, पत्ता सापडायला सोपा, आणि शिवाजी विद्यापीठ जवळ असल्यामुळं मुलांच्या मेस भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याच घरगुती, बाहेर धड बोर्डसुद्धा नाही, चपला काढून आत जायचं, काकू वाढतात. एका रविवारी दोघं मिळून गल्ल्या चालत फिरा, दुपारी एकच्या सुमाराला, जिथं दारात पंधरा-वीस चपला दिसतील तिथं विचारा. मुलांच्या मेसमध्ये एक खात्री असते, रोज तीच मुलं येतात, एक दिवस जेवण बिघडलं तर संध्याकाळी सगळ्या हॉस्टेलला कळतं, त्यामुळं मावशींना बेफिकीर राहून चालत नाही.

आता नावं. मिसळीला उद्यमनगरातली फडतरे, तुम्हाला जवळ आहे, सकाळी जा, गर्दी असते, थांबा. खासबागची, बावड्याची, चोरगेंची, प्रत्येकाचा आपला आपला पक्ष आहे, घरोघरी भांडणं होतात यावरनं, मी खासबागच्या बाजूची. तुम्ही ज्याला तर्री म्हणता त्याला इथं कट म्हणतात आणि इथं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाईस येतात, पाव आला नाही म्हणून चुकल्यासारखं वाटून घेऊ नका, कट पिऊन घ्यायला ब्रेडच पाहिजे. मटणाला पाहुणे घेऊन जायचं असेल तर पद्मा, देहाती, परख, ओपल ही जुनी माहितीतली नावं, मी सांगितलं म्हणून मान डोलवू नका, जाऊन आधी पांढरा प्या आणि मग ठरवा. संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ. मैदानही बघून या, शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 पासून तिथं कुस्त्या होतात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात देतात, मिस्टरांना एकदा घेऊन जाच.

उपासाच्या वारी आणि श्रावणात मटणाच्या बऱ्याच जागा बंद किंवा थंड असतात, हे लक्षात ठेवा म्हणजे हेलपाटा पडणार नाही. आणि आषाढात शेजाऱ्यांनी टेंबलाईच्या जत्रेचं जेवायला बोलावलं तर सगळं सोडून जा. तसं मटण कुठल्याच हॉटेलात मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या घरात माळ आहे. पुढच्या महिन्यात पंढरपूरकडचे व्याही येतायत, तेही माळकरी. कोल्हापूर म्हटलं की सगळे मटणच सांगतात. त्यांना कोल्हापूरची चव दाखवायची पण शाकाहारात, आणि सासरे त्र्याहत्तर वर्षांचे, तिखट सोसत नाही. काय करू?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : वहिनी, काळजी करू नका, आपल्याकडचं शाकाहारी जेवण मटणाच्या सावलीत झाकलं गेलंय एवढंच. फक्त मेनूकार्डावरची व्हेज कोल्हापुरी मागवू नका. लाल ग्रेव्हीत उकडलेल्या भाज्या आणि वर तळलेली मिरची, हा प्रकार माझ्या माहितीतल्या एकाही कोल्हापुरी घरात होत नाही, तो हॉटेलवाल्यांनी केलाय.

सकाळी मिसळ तुमच्या बावड्यातच आहे. कट वेगळा मागा आणि सासऱ्यांच्या वाटीत उसळ जास्त, कट चमचाभर, दही वरनं. दुपारी गाडी करून पन्हाळ्याला न्या, वीसेक किलोमीटर, तिथं बायका चुलीवर झुणका-भाकरी करून देतात, बरोबर खर्डा, दही, कांदा. खर्डा सासऱ्यांच्या ताटापासून लांब ठेवा. रात्री कुठं अख्खा मसूर चांगला मिळतो का बघा, हा सांगली-कराडपासून इकडं सगळ्यांचा आवडता, मसूर आख्खा राहिला पाहिजे पण दाबला की पिठूळ झाला पाहिजे, आणि तो तिखट कमी करून मागता येतो. लोणी डोसाही चालेल, दावणगिरी म्हणून गाड्यांवर मिळतो, कर्नाटकातल्या दावणगेरेचा, पण आता कोल्हापूरकरांनी तो आपलाच करून टाकलाय.

एक गोष्ट मात्र तोंडानं विचारा, लाजू नका. मटण आणि शाकाहारी दोन्ही करणाऱ्या हॉटेलात रश्श्याचं पातेलं, डाव, तळणीचं तेल वेगळं आहे का? गल्ल्यावरच्या माणसाला न विचारता आत वाढणाऱ्याला विचारा. घरात माळ आहे एवढं म्हणालात की इथली माणसं खोटं सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे, सरळ सांगतात की मावशी, पातेलं एकच आहे, तुम्ही पलीकडं जावा. शंका असेल तर फक्त शाकाहारी असलेल्याच ठिकाणी जा. आणि व्याह्यांना निघताना गूळ द्या. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. फार पिवळाधमक घेऊ नका, जरा काळपट तांबूस घ्या.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. 26 जूनला शाहू जयंतीला मुलांना शहरात फिरवून खाण्याच्या जुन्या जागा दाखवायच्या ठरवल्यात. कोल्हापूरचं सगळ्यात महत्त्वाचं हॉटेल कुठलं सांगाल?
– एक शिक्षिका, शिवाजी पेठ

उत्तर : बाई, फार चांगलं करताय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हॉटेल आज चालू नाही. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं होतं, सत्यसुधारक हॉटेल. गंगाराम संस्थानच्या पागेत नोकरीला होते, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्या सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. दुकान निघालं तरी गिऱ्हाईक फिरकेना, अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार. मग महाराज स्वतः लवाजमा घेऊन दुकानापुढं थांबायला लागले, चहा मागवून स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. राजानं पिल्यावर बाकीचे नाही म्हणणार कसे?

मुलांना भाऊसिंगजी रोडवर उभं करून हे सांगा, आणि तिथंच कुठंतरी सगळ्यांना अर्धा-अर्धा कप चहा पाजा. आपण आज कुठल्याही हॉटेलात शिरून कुणाच्याही शेजारी बसून मिसळ खातो, वाढणाऱ्याला जात विचारत नाही, त्याच्यामागं कुणाकुणाचं काय आहे हे पोरांना चहा पिताना कळलं तर जास्त लक्षात राहील. भेळ-आईस्क्रीम त्यानंतर.

प्रश्न : ताराबाई पार्कजवळच्या एका हॉटेलात बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला, विचारलं तर म्हणाले सगळीकडं असतो. वर जीएसटी वेगळा. द्यायचा का?
– एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : दादा, नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला नियम काढलेत की हॉटेलनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप धरायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हे नियम योग्य ठरवले. शांतपणे काढायला सांगा, नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. वाढप्याला खुशीनं हातात द्या, ते पैसे त्याच्याच खिशात जातात.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के. लहान हॉटेल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत असेल तर त्यानं बिलात जीएसटी लावायचाच नाही. आणि बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, आहे का बघायची सवय लावा, 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर लागतो. तळणीच्या तेलालाही मर्यादा आहे, परत परत तापवून काळं झालेलं तेल वापरायची परवानगी नाही. गाडीवर वडा घेताना कढईत डोकावून बघा, तळ दिसत नसेल आणि वर फेस धरलेला असेल तर पुढं चला.

प्रश्न : मुलगा एमएस्सीला लंडनला गेलाय, वेम्बलीत राहतो. तिथं एका इंडियन हॉटेलात चिकन कोल्हापुरी मागवलं, आलं ते गोडसर टोमॅटोचं आणि वर क्रीम. फोनवर पोरगं रडायच्या घाईला आलं हो. तिथं आपल्यासारखं चांगलं खायला कसं शोधायचं, त्याला काय सांगू?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : अगं, तू तर आमच्याच पेठेतली. माझा भाचा तिथं तीन वर्षं होता, त्याच्याकडनं ऐकलेलं आणि मी तिकडं पाच आठवडे राहून आले तेव्हाचं सांगते.

पोराला पहिलं हे सांग की तिथल्या जुन्या करी हाऊसवर इंडियन लिहिलेलं असलं तरी ती बरीचशी बांगलादेशातल्या, त्यातही सिल्हेटकडच्या कुटुंबांची आहेत. कष्टाळू माणसं आहेत, त्यांनी पिढ्यानपिढ्या इंग्रजांच्या जिभेला जमेल असं जेवण बसवलं, आणि त्यांच्या कार्डावर कोरमा म्हणजे गुळमट, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे आणखी तिखट, नावं पदार्थांची नाहीतर गावांची, पण अर्थ तिखटाच्या पायरीचा. तिथं कोल्हापुरी लिहिलं असेल तर त्याचा आपल्या गावाशी संबंध नाही. त्यात त्याची काही फसवणूक झाली असं नाही, त्यानं चुकीच्या ठिकाणी बरोबर गोष्ट मागितली.

मग करायचं काय, तर इथं जे करतो तेच. हॉटेलचं नाव बघू नको, आत कोण जेवतंय ते बघ. प्रत्येक भागात वेगळी माणसं आहेत. तो वेम्बलीत आहे म्हणजे ईलिंग रोड जवळ, सगळे गुजराती, फरसाण, ढोकळा, शाकाहारी थाळी, भाजीपाला, ज्वारी-बाजरीचं पीठसुद्धा मिळतं. पंजाबी खायचं तर साऊथॉल. डोसा-इडली, केरळचं, श्रीलंकेचं तमिळ जेवण पाहिजे तर टूटिंग किंवा ईस्ट हॅम. यूस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटला भेळ आणि शाकाहारी. वडापावची फार आठवण आली तर हाऊन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव, मुंबईच्या दोन मित्रांनी 2010 मध्ये सुरू केलेलं. पण सगळ्यात आधी त्याला महाराष्ट्र मंडळात पाठव. 1932 पासून आहे, डॉलिस हिलला, वेम्बलीपासून लांब नाही. गणपतीत तर जाच म्हणावं. तिथं एखादी काकू भेटेल जी घरनं डबे देते, आणि अशा काकूचा पत्ता कुठल्या ॲपवर नसतो, तो जेवणाच्या पंगतीतच मिळतो.

हॉटेल स्वच्छ आहे का हे तिथं बघणं सोपं आहे. सरकार शून्य ते पाच असे स्वच्छतेचे मार्क देतं, दारावर हिरवा-काळा स्टिकर असतो. इंग्लंडमध्ये तो लावायची सक्ती नाही, म्हणून चार-पाचवाले हौसेनं लावतात आणि कमीवाले लावत नाहीत. दारावर नसला तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साईटवर नाव टाकून बघता येतं. आणि तिथंही बिलात साडेबारा टक्क्यांपर्यंत सर्व्हिस चार्ज असतो, ऐच्छिक लिहिलं असेल तर काढायला सांगितला तरी चालतो, पोरगं विद्यार्थी आहे, भिडस्तपणा करू नको म्हणावं.

बाकी राहिला तांबडा-पांढरा, तो त्याला तिथं हॉटेलात मिळणं कठीण, घरीच करावा लागेल आणि तो करेल. माझ्या भाच्याला मी व्हिडिओ कॉलवर शिकवला. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, सगळं तसंच. बकऱ्याचं मटण तिथल्या हलाल दुकानात मिळतं, पण गोट म्हणून मागायला सांग, मटण किंवा लँब म्हटलं की मेंढीचं देतात आणि तिला वास वेगळा. नारळाचं दूध डब्यातलं चालतं, गॅस बारीक करून शेवटी घालायचं आणि हलवत राहायचं. पहिल्यांदा फुटेल, फुटू दे.

चटणी तू पाठव. यंदाचीच पाठव, गेल्या वर्षीची नको. आधी पसरट ताटात तासभर उन्हात ठेव म्हणजे ओल राहणार नाही, मग दोन जाड पिशव्यांत घालून दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या बंद कर, कारण एक फुटली तर त्याचे स्वेटर सहा महिने कांदा-लसणाचा वास मारतील. कुणी जाणारं असेल तर चेक-इन बॅगेत ठेवायला सांग. मटणाचं लोणचं, तूप, खव्याची मिठाई मात्र देऊ नको, मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातनं तिकडं न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. चटणीला अडचण नाही. अर्धा किलो पुष्कळ झाली, आणि पिशवीवर नुसतं चटणी लिहू नको, इंग्रजीत मिरचीचा मसाला असं लिही. पांढऱ्याला खसखस लागेल म्हणून ती त्याच पिशवीत घालू नको, तिथं दुकानात मिळते.